नवीन गाडी, ॲव्हरेज ११ च्या आत आणि शोरूमवाले म्हणतात नॉर्मल आहे

फुलेवाडीकर

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदा लिहितोय ते पण वैतागून. पाडव्याला गाडी घेतली, छोटी एसयूव्ही, टर्बो पेट्रोल ऑटोमॅटिक. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कोल्हापुरात त्यांचं शोरूम कुठलं ते सगळ्यांना माहिती आणि माझी अजून दोन फुकट सर्व्हिसिंग त्यांच्याकडंच व्हायच्यात.

कागदावर ॲव्हरेज १८.२. सेल्सचा पोरगा म्हणाला होता सर सिटीत १५ डोळे झाकून, हायवेला २० काढते. मला १५ पण नको होतं, तेरा-चौदा दिलं असतं तरी गप बसलो असतो. आता २,३०० किमी झालं आणि २ हजाराच्या पेट्रोलात, म्हणजे साधारण १९ लिटरात, गाडी २०५ किमीच्या वर जाईना. मीटरवर १२.१ दाखवतंय पण ते पण खोटंच वाटतंय. रोजचा रूट फुलेवाडी, रंकाळा, संभाजीनगर, सायबर चौक, शाहू नाका आणि तिथनं हायवेनं गोकुळ शिरगाव, जाऊन-येऊन ३० किमी. एकटाच असतो, एसी चालू, गाडी पळवत नाही, पळवायला रस्ता तर पाहिजे.

आता शोरूमची गंमत ऐका. १ हजारच्या सर्व्हिसिंगला सांगितलं तर म्हणाले इंजिन अजून मोकळं व्हायचंय, ५ हजारापर्यंत थांबा. थांबलो नाही, २ हजाराला परत गेलो. ह्या वेळी दोन तास गाडी ठेवून घेतली, धुवून चकाचक करून दिली आणि ॲडव्हायजर म्हणतो २० किमी टेस्ट ड्राइव्ह घेतली, गाडी एकदम नॉर्मल आहे, तुम्ही जरा ४०-५० नं चालवत जावा. घरी येऊन बघतोय तर देतानाचं आणि घेतानाचं रीडिंग, फरक १ किमी. एक. वॉशिंगपर्यंत जाऊन आली असेल तेवढीच. फोन केला तर साहेब मीटिंगमध्ये, मेल केला तर "आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे" असं छापील उत्तर, आणि संध्याकाळी त्याच ॲडव्हायजरचा फोन, सर फीडबॅकचा कॉल येईल तेवढं १० पैकी १० सांगा.

घरात वेगळाच ताप. आमचे वडील रोज विचारतात किती दिलं आज, आणि मग म्हणतात ह्या पैशात दोन चांगल्या म्हशी आल्या असत्या, पेंड खाल्ली तरी दूध दिलं असतं.

तर विचारायचं हे की खरंच एवढंच देतात का ह्या गाड्या, का माझ्याच गाडीत काही घोळ आहे? आणि शोरूमवाले दाद देत नसले तर पुढं काय करायचं?


तांबडा_पांढरा

भावा पहिल्यांदा अभिनंदन आणि दुसरं म्हणजे काकांचं म्हशीचं गणित बरोबर हाय 😄

माझ्याकडं तसलीच टर्बो ऑटोमॅटिक हाय, कंपनी दुसरी. मला गावात साडेबारा-तेरा मिळतंय, आणि पावसाळ्यात काच धुक्यानं भरती म्हणून एसी सतत, तवा अजून खाली. सेल्सवाल्या पोराचं काय ऐकतोस, त्यानं स्वतः अजून स्प्लेंडर सोडलेली नसती. टर्बोचं कसं हाय, हळू दाबलं तर शहाण्यासारखी वागती आणि एकदा का पाय जोरात पडला की पेट्रोल असं पिती की बघायला नको. हायवेला ८०-९० नं गेलो तर १८ पर्यंत बघितलंय मी, त्याच रस्त्याला ११०-१२० नं गेलो तवा १४. गाडी तीच, पंप तोच, फक्त माझा पाय वेगळा.

पण ११ च्या आत म्हंजे जरा जास्तच गंडलंय. तुझ्या रूटमध्ये अर्धा तर हायवेच हाय की.


पाना_हातोडी

नवीन गाडीचं ॲव्हरेज बघायचं तर पहिलं ते दोन हजाराचं गणित सोडा. रुपयात भरून ॲव्हरेज निघत नाही, आधी टाकीत किती शिल्लक होतं ते तुम्हाला माहिती नसतं. टाकी फुल करा, नोझल आपोआप कट झालं की तिथंच थांबा, पोरगा "राउंड फिगर करू का" म्हणेल त्याला नाही म्हणायचं. ट्रिप मीटर शून्य. किमान ३०० किमी चालवा, मग त्याच पंपावर, त्याच नोझलवर, शक्यतो त्याच वेळेला परत पहिल्या कटपर्यंत भरा. किमी भागिले लिटर. डॅशबोर्डवरचा आकडा बहुतेक गाड्यांत थोडा गोड बोलतो, त्यावर भांडायला जाऊ नका. पंपावर संशय असला तर ५ लिटरचं शिक्का मारलेलं माप मागा, ते ठेवणं त्यांना बंधनकारक आहे, आणि ५ लिटरमागं २५ मिलीपेक्षा जास्त फरक चालत नाही.

आता १८.२ कुठनं आलं ते सांगतो. ती टेस्ट रस्त्यावर होतच नाही. बंद खोलीत रोलरवर गाडी चढवतात आणि ठरलेल्या पद्धतीनं पळवतात, १,१८० सेकंद, सगळं मिळून साडेदहा किमीच्या आसपास, जास्तीत जास्त वेग ९०, एसी बंद. नळीतनं आलेला धूर मोजून त्यावरनं पेट्रोल किती जळालं ते काढतात. त्या पद्धतीचं नाव मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकल, म्हणजे शॉर्टकटमध्ये एमआयडीसीच, पण ती एमआयडीसी वेगळी आणि आमची शिरोलीची वेगळी. आमच्या एमआयडीसीच्या रस्त्यावर कास्टिंग भरलेल्या ट्रकच्या मागं फर्स्ट गिअरमध्ये चालायचं असतंय. त्यामुळं कागदाच्या ७०-७५ टक्के गावात मिळालं तर मी गाडीला नावं ठेवत नाही. म्हणजे तुम्हाला १३ च्या आसपास यायला पाहिजे. ११ च्या आत असेल तर बघायला लागेल.

घरच्या घरी दोन गोष्टी बघा. एक हवा. ड्रायव्हरचा दरवाजा उघडला की खांबावर स्टिकर असतो, त्यावरचा आकडा, आणि टायर थंड असताना. नवीन गाडी आहे म्हणजे हवा बरोबरच असणार असं धरू नका, यार्डात महिनोन्महिने उभ्या असतात. दुसरं, १०-१५ किमी चालवून आल्यावर चारी चाकांजवळ हाताची पालथी बाजू न्या, चिकटवू नका, भाजेल. तीन कोमट आणि एक कडक गरम असेल तर तिथला ब्रेक धरतोय. तसं असेल तर गाडी म्हणजे हँडब्रेक अर्धा ओढून चालवल्यासारखी, पेट्रोल खाणारच.


ऊस_आणि_डिझेल

कुणी इथेनॉलचं बोललंच नाही का अजून? २० टक्के इथेनॉल मिसळलंय पेट्रोलात, ॲव्हरेज कुठनं यायचं. सगळा खेळ तिथंच हाय. गंमत बघा, ऊस आमचा, इथेनॉल आमच्याच कारखान्याचं, आणि ते भरून गाडी आमचीच खंगती. एफआरपी (उसाचा ठरलेला किमान दर) वाढवून मागितली की पैसे नाहीत म्हणतात.


पाना_हातोडी

@ऊस_आणि_डिझेल पाव्हणं, इथेनॉलचा वाटा आहे पण सगळं त्याच्या नावावर घालू नका. एका लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ताकद कमी. त्याचं २० टक्के म्हणजे लिटरमागं सहा-सात टक्के. १८ चं १७ होईल, अकरा होणार नाही. आणि ह्यांची गाडी नवीन आहे, ई-२० साठीच बनवलेली, जुन्या गाडीचे रबरी पाइप, सील ह्यांचा जो प्रश्न आहे तो इथं नाही.


उजळाईवाडीची_ताई

मी गाडीच्या पोटातलं काही सांगू शकत नाही पण शोरूमशी भांडायचा अनुभव भरपूर आहे, दोन वर्षांपूर्वी आमच्या गाडीच्या एसीसाठी सात चकरा मारल्यात.

फुलेवाडीकर दादा तुम्ही तोंडी बोलून आलात तिथंच चुकलं. तोंडी तक्रार म्हणजे तक्रारच नाही. जॉबकार्डवर, म्हणजे गाडी ठेवताना आपल्या सहीचा कागद करतात त्यावर, "कस्टमर व्हॉइस" असा रकाना असतो, त्यात ॲडव्हायजर त्याच्या सोयीचं लिहितो. माझ्या कार्डवर सहा वेळा "जनरल चेकअप" लिहिलेलं होतं आणि मी न वाचता सही करत होते, नंतर कंपनीला मेल केला तर ते म्हणाले मॅडम तुमची एसीची तक्रार आमच्या रेकॉर्डला पहिलीच आहे! सातव्या वेळी मी खुर्चीत बसून राहिले, म्हटलं माझ्या शब्दात लिहा, मगच सही. लिहिलं. त्यानंतर दोन आठवड्यांत कॉम्प्रेसर बदलून मिळाला.

तुमच्याकडं तर ते १ किमीचं रीडिंग आहे. २० किमी चालवली म्हणून लिहिलंय का कुठं? असेल तर दोन्ही रीडिंगचे फोटो लावून कंपनीच्या कस्टमर केअरला मेल करा, शोरूमला सीसी ठेवा. टेस्ट ड्राइव्ह तुम्हाला शेजारी बसवून, टाकी फुल करून घ्या अशी लेखी मागणी करा.

त्यानंही हललं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि शेवटी जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याप्रमाणं ५ लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही, ५ ते १० लाखांना २०० रुपये, कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जायचं. पण खरं सांगू का, नुसतं "ॲव्हरेज कमी देते" ह्यावर केस उभी राहणं अवघड आहे, ब्रोशरवर बारीक अक्षरात "ठरावीक चाचणी परिस्थितीत" लिहिलेलंच असतं. गाडीत दोष आहे आणि तो सांगूनही बघितला नाही, हे दाखवता आलं तर मग गोष्ट वेगळी. म्हणून आधी पाना_हातोडी सांगतात ते करा.


तांबडा_पांढरा

ताई लई भारी. आता तर हायकोर्टाचं सर्किट बेंच पण आलंय कोल्हापुरात, भावा थेट तिकडंच जा 😂


फुलेवाडीकर

सगळ्यांना धन्यवाद, उत्तर द्यायला तीन आठवडे लागले कारण सांगितलेलं सगळं करून बघत होतो.

हवा बघितली. स्टिकरवर ३३, माझ्या पुढच्या दोन्हीत २७, मागं २५ आणि २६. म्हणजे सर्व्हिसिंगला ज्या "३५ पॉइंट चेक"वर टिक मारलेली होती त्यातला हवेचा पॉइंट कुणी चेक केला देव जाणे. हवा भरायच्या आधी मुद्दाम एक टाकी तशीच काढली, सांगितलं तसं कट टू कट. ३१२ किमी, २८.४ लिटर. म्हणजे ११ ला अगदी किंचित कमी.

मग चाकांचं. ऑफिसला पोचल्यावर पार्किंगमध्ये चारी चाकांजवळ वाकून हात फिरवत होतो, वॉचमननं विचारलं साहेब खंडेनवमी आहे का आज. पुढची कोमट, मागचं उजवं कोमट, मागच्या डाव्याजवळ हात नेला आणि झटकन मागं घेतला. परत घरी येऊन बघितलं, तेच. दुसऱ्या दिवशी परत तेच.

उद्यमनगरात ओळखीच्या एका गॅरेजला नेली. त्यानं काही खोललं नाही, म्हणाला खोललं तर शोरूमवाले वॉरंटीचं निमित्त करतील. फक्त जॅकवर उचलली आणि हातानं चाक फिरवलं. उजवं चाक ढकलल्यावर तीन-चार गोल फिरलं. डावं पाव फेरा फिरून खर्र करून थांबलं. व्हिडिओ काढला दोन्हीचा.

तो व्हिडिओ घेऊन शोरूमला गेलो, ताईंनी सांगितलं तसं खुर्ची सोडली नाही. ॲडव्हायजरनं आधी लिहिलं "मायलेज इश्यू". म्हटलं नाही, लिहा "मागचं डावं चाक ब्रेक धरतंय, चाक गरम होतंय". तो म्हणाला सर असं लिहायची पद्धत नाही. म्हटलं पद्धत आज सुरू करा. मॅनेजर आला, व्हिडिओ बघितला आणि एकदम आवाजच बदलला, चहा पण आला. मागच्या ब्रेकच्या ड्रममधलं ॲडजस्टमेंट फॅक्टरीतनंच जास्त टाइट आलेलं होतं म्हणे. अर्ध्या तासाचं काम. अर्ध्या तासासाठी मला तीन महिने फिरवलं, आणि आपण गाडी कशी चालवावी ह्यावर प्रवचन पण दिलं.

त्यानंतरची टाकी: ३४१ किमी, २५.६ लिटर, १३.३. रूट तोच, एसी चालू, हवा ३३. मीटरवर १४.४ दाखवतंय, म्हणजे ते अजून गोडच बोलतंय. १८ नाही, पण आता गाडी सिग्नलला ब्रेक सोडला की स्वतःहून पुढं सरकते, आधी ती सरकतच नव्हती आणि मला वाटायचं ऑटोमॅटिक अशीच असते. पहिलीच ऑटोमॅटिक आहे माझी, कळायला काही मार्ग नव्हता.

एक राहिलंच, तीन महिने ड्रम घासला त्याचे लायनर (आतनं ड्रमला घासून ब्रेक लावणारी पट्टी) किती झिजले ते लिहून द्या म्हटलं तर ५ हजाराच्या सर्व्हिसिंगला बघू म्हणतात. हे ऐकून घ्यावं का?


पाना_हातोडी

ऐकून घेऊ नका. लायनर "झिजणारा पार्ट" म्हणून वॉरंटीत बसत नाहीत, उद्या तेच तुमच्या बिलात लावतील. आत्ताच मेल टाका की दोष त्यांचा होता, ड्रम उघडून लायनरची जाडी दोन्ही बाजूची मोजून द्या. दोन्ही बाजूची. डाव्या-उजव्यात फरक दिसला की तोच पुरावा. आणि ड्रमला निळसर डाग पडलेत का बघा, पडले असले तर तो पण बदलून मागा.


उजळाईवाडीची_ताई

आणि त्या दिवशीच्या जॉबकार्डचा फोटो काढून ठेवलाय ना? मूळ प्रत ते "सिस्टीममध्ये आहे" म्हणून काढून घेतात.


फुलेवाडीकर

काढलाय ताई, घरच्या ग्रुपवर पण टाकलाय. वडिलांनी १३.३ ऐकलं, म्हणाले म्हशीपेक्षा कमीच.


रंकाळ्याचा_वारा

उद्यमनगरातलं गॅरेज कुठलं दादा? व्यनि (खाजगी मेसेज) करा. माझी पण मागनं खर्र वाजती आणि मला पण ४०-५० नं चालवायला सांगितलंय.