व्यक्तिचित्राचा पहिला तास: तुम्ही सुरुवात कशी करता? (अनुभव धागा)

व्यक्तिचित्र शेवटाला कसं न्यायचं यावर चित्रकार मंडळी तासन्‌तास बोलतात. नवखी माणसं मात्र अडतात ती सुरुवातीलाच. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांत इंटरमीजिएट ड्रॉइंग परीक्षेत 'ए' ग्रेड मिळालेले, पेन्सिलवर उत्तम हात बसलेले कितीतरी असतात. ब्रश हातात आला की ते थेट डोळा काढायला घेतात, तोही पापण्यांच्या केसांसकट. म्हणून या धाग्यात फक्त पहिल्या तासाबद्दल लिहा. कोऱ्या कॅनव्हासपासून नाक-डोळ्यांना हात घालेपर्यंत तुम्ही काय करता, आणि का? माध्यम कुठलंही चालेल.

माझ्यापासून सुरू करतो. मी तैलरंगात काम करतो आणि पांढऱ्या कॅनव्हासवर चेहरा कधीच सुरू करत नाही. बर्न्ट सिएनात (लालसर तपकिरी) किंचित अल्ट्रामरीन (गडद निळा), त्यात भरपूर टर्पेंटाइन, आणि ते सगळीकडे फासून चिंधीने पुसून घ्यायचं. मध्यम टोनची, म्हणजे ना फार उजळ ना फार गडद अशी, जमीन (चित्राखालचा थर) तयार होते. पांढऱ्यावर कुठलाही रंग आहे त्यापेक्षा गडद भासतो, त्यामुळे हात घाबरून फिकं फिकं लावत जातो. पुढे पार्श्वभूमी भरली की तोच चेहरा पांढराफटक दिसायला लागतो. जमीन वाळली की पातळ बर्न्ट अंबरने (गडद तपकिरी) चारच खुणा करतो: टाळूचं टोक, हनुवटीचं टोक, चेहऱ्याचा कल आणि डोळ्यांची रेषा. डोळे डोक्याच्या उंचीच्या साधारण मध्यावर येतात हे सगळ्यांना पाठ असतं, तरी कपाळ आखूड होतंच. लक्ष डोळ्या-ओठांकडे ओढलं जातं, म्हणून टाळूचं टोक आधी पक्कं करून टाकावं.

आता तुम्ही लिहा.

कोल्हापूरकर

चित्रकार आबालाल रहिमान आणि बाबूराव पेंटर यांच्या गावात शिकलो, त्यामुळे आमच्या सरांचा सगळा भर छायाप्रकाशावर. मॉडेल बसवलं की ते आधी खिडक्या बंद करायला लावायचे. एकच खिडकी उघडी, उजेड एका बाजूने आणि थोडा वरून. दोन बाजूंनी उजेड आला की सावल्या फुटतात, आणि नवख्याला काय पकडावं तेच कळत नाही.

मग डोळे किलकिले करायचे. इतके, की बुबुळं, भुवया, मिशी वेगवेगळं दिसेनासं व्हावं. तेव्हा लक्षात येतं की चेहऱ्यावर सावली एकसंध असते. भुवईखालची खोबण, नाकाची बाजू, नाकाखालची सावली, वरचा ओठ (तो बहुतेक वेळा खालच्यापेक्षा गडदच असतो), पुढे हनुवटीखालून गळ्यापर्यंत, हा सगळा एकच आकार आहे. तो आकार मी एकाच गडद रंगाने, मोठ्या फ्लॅट ब्रशने भरतो. बाकीचं सगळं म्हणजे उजेड. दोनच टोन. डोळा नाही, ओठ नाही, तरी तीन-चार मीटरवर जाऊन पाहिलं तर माणूस ओळखू येतो. आला नाही, तर सावलीचा आकार चुकलाय. तो तिथेच दुरुस्त करायचा. वर कितीही सुंदर डोळा काढला तरी साम्य येणार नाही.

दुसरी एक पद्धत नवख्यांना हमखास जमते. पूर्ण कॅनव्हासवर बर्न्ट अंबरचा पातळ थर द्या आणि ओला असतानाच सुती चिंधी बोटाला गुंडाळून उजेड पुसून काढा. कपाळ, नाकाचा दांडा, गालाचं हाड. चुकलं की पुन्हा अंबर फिरवा. रेषेत अडकलेल्या माणसाचा हात यात मोकळा होतो. अंबर लवकर वाळतो, म्हणून वर रंग चढवायलाही फार थांबावं लागत नाही.

सावंतवाडीकर

वरचं सगळं जलरंगात उलटं होतं. आमच्याकडे गडद शेवटी, आणि कागदाचा पांढरा आधीपासून राखून ठेवायचा. म्हणून रेखाटन मात्र रंगाआधी पक्कं हवं, नंतर पुसापुशीला वाव नाही. ३०० जीएसएमपेक्षा पातळ कागद घेऊ नका, पहिल्या वॉशलाच (पाणीदार रंगाच्या थरालाच) फुगतो.

पहिला वॉश यलो ऑकर (मातकट पिवळा) आणि लाइट रेडचा, पातळ ताकाइतका. कपाळापासून खाली गळ्यापर्यंत एका दमात, ओठांवरून, पापण्यांवरून, सावलीवरूनसुद्धा. राखायचं ते नाकाच्या शेंड्यावरची चमक आणि डोळ्यातला ठिपका. वॉश ओला आहे तोवर गालांवर, नाकावर, कानांच्या पाळ्यांवर थोडा लाल सोडायचा आणि जबड्याखाली किंचित निळा. ते आपोआप एकमेकांत मिसळतात. वाळल्यावर लावलं तर ठिगळ दिसतं. कोकणातल्या पावसाळ्यात हा वॉश वाळता वाळत नाही. त्या दिवसांत मी मुद्दाम चेहरे करतो, कारण ओल्यात काम करायला जास्त वेळ मिळतो.

सावळाराम हळदणकर मूळचे आमच्या सावंतवाडीचे (१८८२–१९६८). हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचं त्यांचं चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे आणि ते जलरंगातलं आहे. चित्रासाठी त्यांची मुलगी उभी राहिली होती. कित्येक लोक ते रविवर्म्याचं समजतात, याचं मला फार वाईट वाटतं. जलरंगात 'खोली येत नाही' म्हणणाऱ्याने एकदा तिथे जाऊन दिव्याचा उजेड बोटांतून कसा आलाय तो पाहावा.

ठाणेकर

निवृत्तीनंतर अ‍ॅक्रिलिकवर आले, टर्पेंटाइनचा वास सोसत नाही म्हणून. एप्रिल-मे महिन्यात पंख्याखाली रंग पॅलेटवर मिनिटांत वाळतो. पसरट डब्यात ओलं फडकं, त्यावर बटर पेपर आणि त्यावर रंग. झाकण लावलं तर दुसऱ्या दिवशीही चालतो. अ‍ॅक्रिलिक वाळल्यावर थोडं गडद होतं, म्हणून टोन एक पायरी उजळ मिसळायचा. मी आधी फक्त काळ्या-पांढऱ्यात पूर्ण चेहरा करते आणि मग वर पातळ रंगाचे थर देते. टोन आणि रंग या दोन्हींशी एकाच वेळी झुंजावं लागत नाही, म्हणून ही पद्धत नवख्यांना मनापासून सांगेन. अ‍ॅक्रिलिकवर तैलरंग चालतो, तैलरंगावर अ‍ॅक्रिलिक नाही.

पुणेकर

माझ्याकडे येणारी कामं बहुतेक दिवंगत आई-वडिलांची. हातात फोटो असतो पासपोर्ट आकाराचा, समोरून फ्लॅश मारलेला. कोल्हापूरकर सांगतात ती सावली त्यात नसतेच! म्हणून रंगांना हात लावण्याआधी मी घरच्यांकडे इतर फोटो मागते: लग्नातले, अंगणातले, धूसर असले तरी चालतील. एकात तरी बाजूचा उजेड सापडतो आणि गालाचं हाड, नाकाचा उंचवटा कळतो. मग घरातल्याच कुणाला, शक्यतो भावाला किंवा मुलाला, त्याच कोनात खिडकीशी बसवून सावल्या अभ्यासते. एकदा एका काकांना असं बसवलं, तर त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "अहो, हनुवटी अशीच वर धरायचे दादा." तो कल पासपोर्ट फोटोत नव्हता. चित्रात तो घेतला आणि साम्य तिथून सुरू झालं.

स्वतः फोटो काढणार असाल तर सात-आठ फूट लांबून काढा. मोबाइल तोंडाजवळ धरला की नाक मोठं आणि कान मागे जातात. ग्रिड (चौकोनांची जाळी) टाकायला लाजू नका. फक्त ग्रिडवरून रेषा उतरवून झाल्यावर फोटो उलटा ठेवून टोन तपासा.

बालगंधर्व रंगमंदिरात गोपाळ देऊसकरांनी केलेली बालगंधर्वांची व्यक्तिचित्रं आहेत, एक पुरुषवेशातलं, एक स्त्रीवेशातलं. नाटकाला जाल तेव्हा जरा लवकर जा. पेहराव पार वेगळे, माणूस तोच. साम्य नेमकं कशात टिकलंय ते शोधण्यात पंधरा मिनिटं सहज जातात.

लंडनकर

इथे संध्याकाळच्या वर्गात मॉडेल २० मिनिटं बसतं, मग विश्रांती. अशा वेळी रंग मिसळत बसलं तर बैठक संपते. म्हणून स्वीडिश चित्रकार अँडर्स झॉर्न यांच्या नावाने ओळखला जाणारा चारच रंगांचा पॅलेट वापरतो: यलो ऑकर, व्हर्मिलियन (मी कॅडमियम रेड घेतो), आयव्हरी ब्लॅक, पांढरा. यात काळाच निळ्याचं काम करतो. ऑकर-लालशेजारी त्याची राखाडी चक्क निळसर दिसते. मॉडेल यायच्या आधी उजेड, मध्यम, सावली असे रंगाचे तीन ढीग पॅलेट नाइफने मिसळून ठेवतो. पाठीमागे आरसा असतोच. मान वळवून आरशात चित्र आणि मॉडेल दोन्ही उलटे पाहिले की कल चुकलेला लगेच दिसतो.

मुंबईकर

झॉर्न पॅलेट छानच, पण आपल्या सावळ्या वर्णासाठी मला तो अपुरा पडतो. 'फ्लेश टिंट'ची तयार ट्यूब तर आणूच नका. मी बर्न्ट सिएना, यलो ऑकर, अल्ट्रामरीन आणि थोडा अलिझरिन (गडद लाल) यांवर सुरुवात करते. सावळेपणा काळ्या रंगाने आणला की त्वचा मेल्यासारखी होते. सिएनात अल्ट्रामरीन घालून तो जिवंत राहतो. आणि उजेडाकडे नीट बघा: सावळ्या कपाळावरची चमक पांढरी किंवा पिवळी नसते, खिडकीतून येणाऱ्या आकाशाचा निळा तिथे उतरलेला असतो. तो थंड ठिपका पहिल्या तासातच लावून ठेवला की बाकी सगळे टोन त्याच्याशी ताडून पाहता येतात.

पणजीकर

छोटीशी भर. फोंतेन्यास भागात फुंदासांव ओरिएंत या पोर्तुगीज सांस्कृतिक संस्थेत आंतोनियु शावियेर त्रिंदाद (१८७०–१९३५) यांची चित्रं आहेत. पणजीला आलात तर चुकवू नका. आणि तैलरंगवाल्यांनो, जवस तेलाच्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. मोकळ्या पसरून वाळवा किंवा पाण्याच्या डब्यात ठेवा.

नाशिककर

प्रश्न आहे. माझ्या आठ वर्षांच्या भाचीला बसवायचंय, तैलरंगात. ती पाच मिनिटंही एका जागी बसत नाही. सुरुवात कशी करू?

धागाकर्ता

नाशिककर, खुर्चीच्या पायांभोवती जमिनीवर खडूने खूण करा आणि ती बसून जिकडे बघणार तिथे भिंतीवर एक चित्र चिकटवा. उठून परत आली तरी मान तिकडेच वळेल. पहिल्या बैठकीत चेहऱ्याकडे जाऊच नका. केसांचा गडद आकार, फ्रॉकचा रंग आणि मागची भिंत एवढंच मोठ्या ब्रशने लावा. हे तीन टोन बरोबर बसले की चेहऱ्याचा टोन किती उजळ हवा ते त्यांच्यावरूनच ठरतं. लहान मुलांच्या चेहऱ्यावर सावल्या मऊ असतात आणि डोळ्यांची रेषा मोठ्या माणसापेक्षा थोडी खाली येते, मध्याच्याही खाली. मधल्या सुट्टीत तिला तिचा एक वेगळा कॅनव्हास बोर्ड आणि ब्रश देऊन टाका, म्हणजे तुमच्या ओल्या रंगाला बोटं लागणार नाहीत.