मदत हवी आहे: मिलिटरीच्या जुन्या ट्रॉलीला टिपिंग करायची आहे

नमस्कार भाऊ लोक, कामठीच्या एका भंगारवाल्याकडून मिलिटरीची जुनी दोन चाकी ट्रॉली घेतली, एक टनवाली, हिरवा रंग अजून आहे आणि चेसिस असा जाड का हातोडा मारला तर हातालाच झिणझिण्या येते. काटोलकडे संत्र्याची बाग आहे, शेणखत फावड्यानं उतरवता उतरवता कंबर गेली ना, म्हणून आता टिपिंग, म्हणजे डाला (माल भरायचा वरचा भाग) समोरून उचलून माल मागं ओतायची सोय, करायचं म्हणतो.

डाला चेसिसवरून सोडवून मागं बिजागरी द्यायची आणि ट्रॅक्टरच्या हायड्रोलिकवर जॅक लावायचा. वेल्डिंगवाला म्हणते ५० एमएम बोअरचा (आतल्या व्यासाचा) जॅक पुरे. मी हिशोब केला, तेलाच्या १५० बार दाबाला जोर ३ टनाच्या आसपास येते, पण जॅक सुरुवातीला आडवाच राहीन, २० अंशात वर उचलणारा जोर जेमतेम १ टन उरते. मंग भरलेला डाला उठन का?

दुसरं म्हणजे बिजागरी अ‍ॅक्सलच्या किती मागं घेऊ? जास्त मागं गेली तर माल सरकताना ट्रॅक्टरला जोडलेला ट्रॉलीचा हुक वर उचलल्या जाईन अशी भीती वाटते. कोणी केलं असन तर फोटो टाका न भाऊ, पावसाळ्याच्या आत उरकायचं आहे.