डॅडो सेट घ्यायचा तर आधी शाफ्ट मोजा, मग दात बघा

लातूर_कपाटवाला
डॅडो सेट म्हणजे टेबल सॉच्या शाफ्टवर चढवायचा पात्यांचा गठ्ठा, फळी बसवायची रुंद खाच मारायला. परवा एका पोस्टमध्ये ठासून लिहिलं होतं, "डॅडो सेट म्हणजे पैशाचा चुराडा. ट्रिमरने (हातातल्या छोट्या राउटरने) खाच मारा. फारच हौस असेल तर वॉबल घ्या, काम तेच." खाली वाहवा करणारे बरेच. नुकतं वर्कशॉप टाकलेली पोरं असलं वाचून खरेदी करतात, म्हणून लिहितोय.

काम तेच नाही. वॉबलचं एकच पातं तिरकं बसवून डुलवायचं असतं. खाच रुंद होते, पण तळाला गोलवा येतो आणि कडा फाटतात. स्टॅकमध्ये, म्हणजे गठ्ठ्याच्या सेटमध्ये, बाहेरची दोन पाती कडा स्वच्छ कापतात, मधली चिपर नावाची पाती पोट काढतात, आणि शिम, म्हणजे पातळ चकत्या, घालून कागदाएवढा फरकसुद्धा साधतो.

मी अभ्यासिका आणि होस्टेलची कपाटं करतो. लातूरला पुस्तकांचं ओझं काय असतं ते सांगायला नको. प्लायच्या कडेत मारलेला स्क्रू थर फोडतो, वर्षात फळी लोंबते. ६ मिमी खोल खाचेत बसलेली फळी मात्र खाचेच्या काठावर वजन टाकते, स्क्रूवर नाही.

आता निवडीचं. आधी शाफ्ट, म्हणजे पातं ज्या दांड्यावर बसतं तो. अमेरिकन सेट ५/८ इंची, म्हणजे १५.८८ मिमी भोकाचे. आपल्याकडच्या बहुतेक मशीनला शाफ्ट २५.४ किंवा ३० मिमी. भोक जुळलं तरी लांबी बघा. सगळा गठ्ठा चढवल्यावर नट पूर्ण आट्यांवर बसलाच पाहिजे. १० इंची मशीनला ८ इंची सेट पुरे. त्यानंतर दात. चिपरला २ ऐवजी ४ दात असले तर तळ गुळगुळीत येतो. बाहेरच्या पात्यांचा हूक, म्हणजे दाताचा कल, निगेटिव्ह (मागे झुकलेला) असला तर व्हिनियर, म्हणजे प्लायचा वरचा पातळ थर, कमी फाटतं. फोरेस्ट या अमेरिकन कंपनीच्या डॅडो किंग सेटला बाहेर २४ दात आणि चिपरला ४ आहेत. तुलना करायची तर त्याच्याशी करा.

वाळूज_मॉड्युलर
भाऊ, ती पोस्ट माझीच. ट्रिमरवर आजही ठाम आहे.

दोन सरळ पट्ट्या घ्या, मधे त्याच प्लायचा तुकडा दाबून पट्ट्या क्लॅम्प करा, बेअरिंगवाला बिट फिरवा. खाच त्या प्लायच्या मापाची. शिम नको, शाफ्ट नको. मी प्री-लॅम बोर्डात (आधीच लॅमिनेट चढवलेल्या बोर्डात) काम करतो, ३२ मिमी अंतरावर भोकं पाडायच्या सिस्टमवर मिनिफिक्स, म्हणजे फळ्या जोडायचे लपलेले स्क्रू-जोड, लावतो. लॅमिनेटवर डॅडो मारला की कड उडते आणि बोर्ड भंगारात. गिऱ्हाईक विचारतं स्क्वेअर फुटाचा भाव. आतली खाच कुणी वाकून बघत नाही.

लातूर_कपाटवाला
पट्ट्यांची युक्ती चांगली आहे, एक-दोन कपाटांना मीही तेच करीन. पण होस्टेलची ऑर्डर आली आणि कपाटाच्या प्रत्येक साइडला (बाजूच्या फळीला) पाच खाचा असल्या, तर किती वेळ पट्ट्या हलवत बसणार? ट्रिमर ती खोली एका दमात घेतही नाही, बिट जळतो. आणि गिऱ्हाईक वाकून बघत नाही म्हणून काम कच्चं करायचं, हे मला पटत नाही.

वाळूज_मॉड्युलर
कच्चं कुणाचं काम म्हणता? माझी किचनं बघायला या, मग बोला.

सागवानी_काका_नांदेड
भांडू नका रे. मी किनवटच्या सागावर हात बसवला, खाच पटाशीनं मारायची हेच शिकलो. डॅडोची मला धास्ती आहे. आमच्या मेव्हण्याचा अंगठा एका वर्कशॉपात असल्याच रुंद पात्यानं नेला. गार्ड काढलेला, हातानं फळी दाबलेली. युरोपात ह्याच्यावर बंदी आहे म्हणतात ते उगं नाही.

लातूर_कपाटवाला
काका, मेव्हण्यांचं वाचून वाईट वाटलं. पण नाव घेऊन बंदी नाही. तिकडच्या नियमाने गार्ड लागतो आणि पातं १० सेकंदांत थांबावं लागतं. जड गठ्ठा ब्रेकने झटक्यात थांबवला तर नट सैल होण्याची भीती. म्हणून तिथल्या कंपन्या शाफ्टच आखूड देतात. डॅडो आरपार कापत नाही, त्यामुळे रायव्हिंग नाइफ (पात्यामागे उभी असलेली पट्टी) काढावा लागतो, हेही खरं. म्हणूनच पुश ब्लॉक (फळी ढकलायचा ठोकळा) आणि फेदरबोर्ड (फळी दाबून धरणारी दातेरी पट्टी) लावल्याशिवाय माझ्याकडे कुणी मशीन चालू करत नाही.

परभणी_फिटिंग
तुमचे शिम गेले खड्ड्यात. आधी प्लायचं बोला! १८ मिमी म्हणून घेतलेली शीट, व्हर्नियर लावला तर एका कोपऱ्यात १७.१, दुसऱ्यात १७.८. एका शीटमध्ये! कसला डॅडो आणि कसलं काय. फळी खाचेत खुळखुळते, गिऱ्हाईक मिस्त्रीला शिव्या घालतं, डीलर मात्र बिल देऊन मोकळा.

जालना_प्लायवाला
सरसकट डीलरला चोर म्हणू नका. आयएस ३०३ मध्ये, म्हणजे प्लायच्या भारतीय मानकात, या जाडीला ±५ टक्के सूट आहे. १८ ची शीट १७.१ भरली तरी नियमात बसते. कॅलिब्रेटेड (घासून एकसारख्या जाडीची केलेली) दाखवली की तुम्हीच म्हणता "महाग आहे, साधी द्या."

परभणी_फिटिंग
सूट कारखान्याला आहे, तुम्हाला नाही! कॅलिब्रेटेडचे पैसे मोजून घेतलेली शीटसुद्धा चहाच्या बशीसारखी वाकलेली निघाली. परत न्यायला गेलो तर म्हणे पावसाळ्यात असं होतंच. मग गोडाऊनमध्ये शीट भिंतीला उभी का टेकवता? आडवी सपाट रचायला काय होतं?

जालना_प्लायवाला
जागा लागते साहेब. गोडाऊनचं भाडं तुम्ही भरता का?

सागवानी_काका_नांदेड
सागाची फळी आजवर कुणी बशी झालेली आणून दाखवली नाही. म्हणजे होते, पण उन्हाळाभर सुकवली तर नाही होत. ह्या मुलखात मे महिन्यात लाकूड आपसूक सुकतं, तेवढा दम कुणाला नाही.

वाळूज_मॉड्युलर
काका, सागाचं होस्टेल कोण बांधणार! पण परभणीकरांचं दुखणं खरं आहे, आणि ते माझ्याच बाजूचं आहे. जाडी बदलत असेल तर सेटवर प्रत्येक शीटला शिम बदलत बसा. माझ्या पट्ट्या तुकड्यावरून माप घेतात.

लातूर_कपाटवाला
बरं, शीट तशी असेल तर तुमची पद्धत सोयीची, तेवढं मानतो. पण वाईट शीट हे चांगलं हत्यार न घेण्याचं कारण होत नाही. एका लॉटच्या शीटा जाडीप्रमाणे वेगळ्या लावून घेतल्या की शिम एकदाच बदलतो.

परभणी_फिटिंग
शीटा निवडायला वेळ कोण देतो? मजुरी कोण देतो? लातूरला देत असतील.

हिंगोली_नवखा
तुमच्या वादात मी अडकलोय. मशीनचा शाफ्ट मोजला, २५.४ मिमी आहे. वॉशर आणि नट लावल्यावर एका पात्यापुरतीच जागा उरते. एक दुकानदार म्हणतो सेटचं भोक लेथवर मोठं करून देतो. करू का?

लातूर_कपाटवाला
अजिबात नको. भोक केसभर जरी मध्यापासून सरकलं तरी प्रत्येक पातं वेगळ्या उंचीवर कापणार, तळाला पायऱ्या पडणार. शिवाय नटला आटेच उरणार नसतील तर विषय संपला. तुमच्या मशीनला स्टॅक नाही. सपाट दातांचं, फ्लॅट-टॉप रिप ब्लेड घ्या, साधारण ३.२ मिमी रुंदीचं. खाचेच्या दोन्ही कडांचे कट आधी घ्या, मग मधलं पोट काढा. माप व्हर्नियरने नको, त्याच शीटच्या तुकड्याने घ्या. तुकडा तळव्याने दाबून खाचेत गेला आणि साइड उलटी धरली तरी पडला नाही, की खाच बरोबर. वॉबल मात्र तुमच्या शाफ्टलाही घेऊ नका.

वाळूज_मॉड्युलर
म्हणजे शेवटी नवख्याला सेट नकोच म्हणालात.

लातूर_कपाटवाला
त्याच्या शाफ्टला नको म्हणालो. शीर्षक परत वाचा.

सागवानी_काका_नांदेड
हिंगोलीच्या पोरा, उन्हाळ्यात संध्याकाळी व्होल्टेज पडतं तेव्हा मशीन लावू नको. मोटर गुरगुरत असताना फळी पुढं रेटलीस तर ती मागं फेकली जाते. कामं सकाळची धर.