'बेचाळीस'चं यश सहानुभूतीचं म्हणे! पंचमला पुन्हा मारू नका

खमाज (धागाकर्ता)

काल इथे 'स्पष्टवक्ता' यांनी लिहिलं की पंचम, म्हणजे संगीतकार राहुलदेव बर्मन, १९८५ नंतर संपलेलाच होता आणि '१९४२: अ लव्ह स्टोरी'च्या (आपल्या 'बेचाळीस'च्या) कॅसेटी खपल्या त्या माणूस गेला म्हणून. वर हेही, की तो जगला असता तर ही गाणी कुणी ऐकलीही नसती. त्या पोस्टला पन्नासेक जणांनी अनुमोदन दिलेलं बघून राहवलं नाही. तिथे दोन ओळींत भागणारं नाही, म्हणून वेगळा धागा.

'संपला' म्हणजे काय? 'मासूम' १९८३, 'सागर' १९८५, 'इजाज़त' १९८७, 'परिंदा' १९८९. ही संपलेल्या माणसाची यादी आहे? संपले होते ते निर्मात्यांचे फोन. नासिर हुसेन यांचं घर म्हणजे 'तीसरी मंज़िल'पासून पंचमचं हक्काचं घर. त्यांच्याच 'कयामत से कयामत तक'चं काम १९८८ ला आनंद-मिलिंदकडे गेलं. 'राम लखन' लक्ष्मीकांत-प्यारेलालकडे गेला. त्यात १९८८ ला हार्ट अटॅक, लंडनला बायपास. ज्याच्या खोलीत एकेकाळी निर्माते रांग लावून बसायचे, त्याला कुणी विचारेना. हे सगळं पन्नाशीच्या आत.

अशा माणसाकडे 'बेचाळीस'चे दिग्दर्शक विधू विनोद चोप्रा गेले. संगीत कंपनीला पंचम नको होता, हे चोप्रांनीच सांगितलंय. 'कुछ ना कहो'ची पहिली चाल त्यांनी तोंडावर नाकारली, मला सचिनदांच्या (पंचमच्या वडिलांच्या, सचिनदेव बर्मन यांच्या) काळातलं संगीत हवंय म्हणाले. पंचमने वेळ मागून घेतला आणि आज आपण ऐकतो ती चाल आणली. माझ्या लेखी पुनरागमन ते. चौपन्नाव्या वर्षी, आजारी, बाजारातून बाहेर फेकलेला माणूस स्वतःची पहिली चाल बाजूला ठेवतो आणि नव्याने बसतो. ४ जानेवारी १९९४ ला तो गेला, चित्रपट आला जुलैत. टाळ्या त्याला ऐकू आल्या नाहीत. त्यावर आपण म्हणायचं की टाळ्या दयेच्या होत्या?

स्पष्टवक्ता

माझं नाव घेऊन धागा काढलाय म्हणजे उत्तर देणं आलंच.

१. 'इजाज़त' आणि 'परिंदा' तुम्हाला-मला आवडतात. गल्लीत वाजत होतं काय? 'तेज़ाब', 'आशिकी', 'दिल'. विषय व्यावसायिक यशाचा आहे, दर्दींच्या पसंतीचा नाही.

२. ऐंशीच्या दशकात पंचमने एकेका वर्षात डझनांनी चित्रपट घेतले. त्यातल्या किती गाण्यांचे मुखडे तुम्हाला आठवतात? निर्माते काही मूर्ख नव्हते.

३. 'बेचाळीस'मध्ये आवाज कुणाचा? कुमार सानू. नदीम-श्रवण या संगीतकार जोडीने बाजारात बसवलेला. त्याला लागोपाठ पाच फिल्मफेअर मिळाली, त्यातलं पाचवं 'एक लड़की को देखा'चं. म्हणजे गाडी चालू होती, पंचम त्यात बसला.

मी पंचमचा द्वेष्टा नाही. 'अमर प्रेम'ची माझी कॅसेट इतकी वाजली की फीत तुटली आणि सेलोटेप लावून परत वाजवली. म्हणूनच शेवटच्या दहा वर्षांबद्दल खोटं बोलवत नाही.

अस्ताई

मुद्दा ३ पटला नाही. सानूचा आवाज तोच असेल, पण 'आशिकी'तला सानू आणि 'रिमझिम रिमझिम'मधला सानू यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तो इतका हलका, श्वास सोडत कधी गायला होता? हे करून घेणं संगीतकाराचंच काम.

आणि मरणाच्या सहानुभूतीवर फिल्मफेअर मिळत असेल तर संगीतकार मदनमोहनना का नाही मिळालं? ते जुलै १९७५ मध्ये गेले. 'मौसम' आणि 'लैला मजनू' त्यानंतर पडद्यावर आले, गाजले. आयुष्यभरात एक फिल्मफेअर नाही, मेल्यावरही नाही. द्या उत्तर.

सावजी_नागपूर

फिल्मफेअरचं नाव निघालंच आहे तर मला बोलू द्या. तीस वर्षांपासून पोटात आहे.

१९९५ च्या त्या फिल्मफेअरला पंचमसमोर नामांकनात कोण होतं? रामलक्ष्मण, 'हम आपके हैं कौन' साठी. आमचे नागपूरचे विजय पाटील. चौदा गाणी, आणि त्या वर्षी देशात एक लग्न सांगा ज्यात ती वाजली नाहीत. पुरस्कार गेला 'बेचाळीस'ला. पंचम मोठा होता, मान्य. पण त्या वर्षीचं काम कुणाचं मोठं? 'दीदी तेरा देवर' साठी लताबाईंना विशेष पुरस्कार दिला, आणि चाल करणाऱ्याला काही नाही. हे काहून?

तुम्हाला पुनरागमनच पाहिजे ना? मग हे घ्या. अकॉर्डियन वाजवणारा पोरगा नागपुरातून मुंबईला गेला. दादा कोंडक्यांनी 'पांडू हवालदार' दिला, १९७५. जोडीदार राम थोड्याच दिवसांत वारले. या माणसाने मित्राचं नाव पुढे ठेवून जन्मभर एकट्याने 'रामलक्ष्मण' म्हणून काम केलं. त्यानंतर बारा-तेरा वर्षं लहानसहान चित्रपट. एकदम १९८९ च्या शेवटी 'मैंने प्यार किया'. यावर कधी धागा निघाला? मराठी माणूस मोठा झाला की मराठी लोकांनाच दिसत नाही.

खमाज

सावजीभाऊ, रामलक्ष्मण यांच्याबद्दल आदर आहेच, पण हा धागा पंचमचा आहे. वेगळा काढा, मी येतो तिथे.

सावजी_नागपूर

बघा, हेच. "वेगळा काढा." तीस वर्षं हेच ऐकतोय.

अस्ताई

भाऊ, अन्यायाचं बोलताय तर 'मैंने प्यार किया'चं 'आते जाते' कुणाचं तेही सांगा. स्टीव्ही वंडरची चाल उचलली आहे. 'मेरे रंग में'च्या सुरुवातीचं वाद्यसंगीत 'युरोप' बँडचं. पंचमशेजारी बसवण्याआधी एवढं तरी बघायचं.

सावजी_नागपूर

आणि 'मेहबूबा मेहबूबा' कुणाचं हो? डेमिस रुसोसचं गाणं ऐकून या. 'मिल गया हमको साथी' कुणाचं? ॲबा बँडचं. पंचमने उचललं की 'प्रेरणा', पाटलांनी उचललं की 'चोरी'. बंगाल्याला एक न्याय आणि विदर्भातल्या माणसाला दुसरा!

अस्ताई

बंगाली-वैदर्भीय मी काढलेलं नाही, तुम्ही काढलंत. पंचम जन्मला कोलकात्यात, पण जगला आणि गेला मुंबईत. मारुतीराव कीर त्याचा तबला सांभाळायचे, रेसो हे घासून वाजवायचं तालवाद्य वाजवायचे अमृतराव काटकर. त्याच्या ताफ्यात गोव्याची माणसं होती. त्याला 'बंगाली' म्हणून बाजूला काढणं कोतेपणाचं आहे. स्पष्ट सांगते.

सावजी_नागपूर

कोता मी? बरं. आता सांगा, गणपतीत तुमच्या मांडवात 'देवा हो देवा गणपती देवा' वाजतं ना? १९८१ चं, 'हम से बढ़कर कौन'. संगीत कुणाचं? माहीत असेल तर शपथेवर सांगा.

कॅसेटवाले_काका

भांडू नका. मी दोन्ही कॅसेटी विकल्या आहेत. बस स्टँडसमोर सात बाय नऊचा गाळा, १९८६ ते २००३. ऐकीव नाही, काउंटरवरचं सांगतो.

'हम आपके' आणि 'बेचाळीस' दोन्ही एच.एम.व्ही.च्या, थोड्याफार अंतराने आलेल्या. 'हम आपके' पाच गेल्या की 'बेचाळीस' एक जायची. लग्नाच्या बस्त्याला आलेली माणसं साड्यांच्या पिशव्या काउंटरवर ठेवून तीच कॅसेट मागायची. तेव्हा सावजींचं म्हणणं खपाच्या हिशेबाने बरोबर आहे.

पण स्पष्टवक्तेसाहेब, तुमचं चूक आहे. 'बेचाळीस' मागायला येणारा पंचमचं नाव घ्यायचाच नाही. कॉलेजची मुलं यायची, "काका, ती 'एक लड़की'वाली द्या." चित्रपटाचं नाव धड घेता यायचं नाही, आकडा सांगताना अडखळायची. त्यांना पंचम गेल्याचं माहीतही नसावं. मग सहानुभूती कुणाची? एक मुलगा तर रिकामी नव्वद मिनिटांची कॅसेट घेऊन आला आणि म्हणाला, दोन्ही बाजूंना हेच एक गाणं भरून द्या. मी म्हटलं, अरे, पैसे वाया जातील. ऐकेना. दिलं भरून. दुपारभर तेच गाणं दुकानात वाजत होतं. शेजारचा चहावाला येऊन म्हणाला, "बंद करू नका, चालू द्या."

स्पष्टवक्ता

काका, एका दुकानाचा अनुभव म्हणजे पुरावा नाही. ग्राहकांचं सोडा, पण वर्तमानपत्रांत, रेडिओवर तेव्हा मृत्युलेखांचा पाऊस पडत होता, त्याने वातावरण तयार होतं. मदनमोहनच्या काळात असं काही नव्हतं.

खमाज

मग कविता कृष्णमूर्तींना 'प्यार हुआ चुपके से' साठी मिळालं ते कुणाच्या मृत्युलेखामुळे? जावेद अख्तरना कशामुळे? ही मंडळी धडधाकट होती.

स्पष्टवक्ता

लाट आली की होड्या सगळ्याच वर येतात.

मृदुला_पुणे

इथे सहसा लिहीत नाही, पण या धाग्याने जुनी जखम उघडली.

माझे बाबा चित्रपटाच्या रेकॉर्डिंगला व्हायोलिन वाजवायचे. नाव सांगत नाही, नामवंत नव्हते. चाळीस जणांत मागच्या रांगेत बसणारे. ऐंशीचं दशक सरत आलं आणि कीबोर्ड आले. एक माणूस एका खोलीत बसून तारवाद्यांचा अख्खा विभाग वाजवू लागला. आधी आठवड्यातून पाच दिवस काम असायचं, मग दोन, मग महिन्यात एक. फोन वाजला की बाबा आईच्या आधी उठायचे. डाव्या हाताच्या बोटांना तारांचे घट्टे होते. १९९२ च्या सुमारास ते मऊ पडायला लागले. ते अंगठ्याने बोटांची टोकं चाचपत बसायचे, हे मी पाहिलंय. घट्टे गेले की हात गेला, म्हणायचे.

'बेचाळीस'ची कॅसेट मी आणली. मी अकरावीत. 'कुछ ना कहो' लावलं तशी बाबांनी हातातला पेपर खाली ठेवला आणि टेपला कान लावून बसले. गाणं संपल्यावर म्हणाले, "परत लाव. हे माणसांनी वाजवलंय. पंधरा-वीस तरी गज आहेत." त्या रात्री त्यांनी पेटी उघडली. राळ वाळून तडकली होती, तिचाच तुकडा गजाला लावून वाजवायला बसले. सूर लागत नव्हते. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही, मुद्दाम.

काम परत आलं नाही. पण स्पष्टवक्तेसाहेब, निर्माते मूर्ख नव्हते हे तुमचं वाक्य मला सहन झालं नाही. पंचमला फोन येईनात तेव्हा तो एकटा घरी बसला नाही, त्याच्या मागच्या रांगा घरी बसल्या.

स्पष्टवक्ता

मृदुलाताई, तुमच्या वडिलांबद्दल वाचून वाईट वाटलं, मनापासून. ते वाक्य मी मागे घेतो. एवढंच घेतो. १९८५ ते १९९० मधलं पंचमचं बरंचसं काम उरकलेलं वाटतं, यावर मी ठाम आहे.

अस्ताई

मागे घेतलंत हेच पुष्कळ झालं. उरकलेलं होतं काही काही, ते मीही नाकारत नाही. डझनांनी चित्रपट घेतल्यावर दुसरं काय होणार? माझा मुद्दा इतकाच आहे की विहीर आटली नव्हती. चोप्रांनी पोहरा सोडला आणि पाणी लागलं.

सावजी_नागपूर

ताई, तुमच्या बाबांना नमस्कार सांगा.

बाकीच्यांना: माझ्या गणपतीच्या प्रश्नाचं उत्तर अजून आलेलं नाही. पाटीलसाहेब मे २०२१ मध्ये नागपुरातच गेले, कोरोनाच्या धामधुमीत. मोठ्या वर्तमानपत्रांत केवढी जागा मिळाली ते मी मोजलं होतं. इथे पंचमवर तीस वर्षांनी मारामारी होते, ती प्रेमापोटीच आहे, मला कळतं. त्यातलं थोडं आमच्या माणसाला द्या म्हणतो. पंचमचं काढून नाही.

खमाज

सावजीभाऊ, उत्तर देतो. मला माहीत नव्हतं. आमच्या मंडळाचा स्पीकर मी स्वतः दहा वर्षं सांभाळला. 'देवा हो देवा' रोज सकाळी माझ्याच हाताने लागायचं, आणि ते रामलक्ष्मण यांचं आहे हे आज तुमच्याकडून कळलं.

फिल्मफेअरबद्दल मात्र माझं मत बदललेलं नाही. १९९५ चा पुरस्कार 'बेचाळीस'लाच हवा होता. लोकांना जास्त काय आवडलं यावर तो द्यायचा असेल तर तुमचं बरोबर, काकांचा काउंटर तेच सांगतो. मी 'कुछ ना कहो'च्या एका चालीवर तो दिला असता.

सावजी_नागपूर

तुम्ही दिला असता, मी नसता दिला. राहू द्या.

धागा काढतोय रामलक्ष्मणवर, रविवारी. 'पांडू हवालदार'पासून सुरुवात करीन. काका, तुमच्या काउंटरच्या आठवणी तिथे लागतील. १९९० च्या उन्हाळ्यात 'मैंने प्यार किया' किती भरून दिल्या, तेवढं आठवून ठेवा.

कॅसेटवाले_काका

आठवायचं काय त्यात? कोऱ्या कॅसेटी संपल्या होत्या. पुण्याहून एस.टी.च्या टपावर खोकं मागवलं होतं.