डिसेंबरची सहल: औंध सोमवारी नको

प्रेषक: सहल समिती
प्रति: मंडळाची यादी

नमस्कार मंडळी,

डिसेंबरात परदेशातून सुट्टीला भारतात जाणारे आपण पंधरा-सोळा जण पुण्याहून एक टेम्पो ट्रॅव्हलर करतोय. प्रतापगड, महाबळेश्वर, कास हे बहुतेकांचं झालेलं आहे. यंदा सातारा-सांगलीकडची लहान ठिकाणं बघायची आहेत: जन्मघरं, वाडे, छोटी संग्रहालयं. कच्चा आराखडा असा:

सोमवार: नायगाव, मेणवली, लिंबची विहीर, औंध. मुक्काम कराड.
मंगळवार: कराड, देवराष्ट्रे, कुंडल. मुक्काम सांगली.
बुधवार: मिरज, हरिपूर, माडगुळं आणि रात्री पुणे.

त्या भागातल्या जाणकारांनी काय जमेल आणि काय नाही ते सांगावं.

---

प्रेषक: काका, सातारा

समितीस नमस्कार.

ठिकाणं उत्तम निवडलीत, पण औंधला सोमवारी जाल तर कुलूप बघून परत याल. श्री भवानी चित्रसंग्रहालय राज्य शासनाकडे आहे. सोमवारी आणि शासकीय सुट्ट्यांना ते बंद असतं, आणि २५ डिसेंबर त्यातच येतो. बुधवारी निघा. पौषात यमाईची मोठी यात्रा भरते, तेव्हा गावात गाडी लावायला जागा मिळत नाही. पंचांग बघून तारीख धरा.

दुसरं, औंधपर्यंतची ही चार ठिकाणं एका दिवसात होत नाहीत. नकाशावर मेणवली ते औंध दोन तास दिसतं, पण डिसेंबर म्हणजे ऐन उसाचा हंगाम. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर पुढे लागला की अरुंद रस्त्यावर त्याच्या मागेच सरकावं लागतं. अंधारात त्या ट्रॉल्यांना मागचा दिवा असेलच असं नाही. सहाच्या आत मुक्कामी पोचायचं, हा नियम चालकालाही आधीच सांगा.

पहिला दिवस नुसता सातारच्या अलीकडचा ठेवा. पुण्याहून सहाला निघालात तर शिरवळला चहा घेऊन नायगाव. महामार्गापासून ते जेमतेम पाच किलोमीटर आत आहे. ३ जानेवारी १८३१ ला सावित्रीबाई फुले यांचा जन्म इथं झाला. घर नीट सांभाळलंय आणि शेजारी स्मारक आहे. तासभर पुरतो. ३ जानेवारीला मात्र तिथं राज्यभरातून माणसं येतात, त्या दिवशी घर निवांत बघायला मिळणार नाही.

मग वाई. ढोल्या गणपतीला गेलात तर देवळाच्या मागच्या बाजूला जरूर जा. १७६२ चं हे रास्त्यांचं देऊळ कृष्णेच्या अगदी काठावर आहे, म्हणून मागची भिंत माशाच्या आकारात निमुळती बांधली, पुराचं पाणी तिच्यावर फुटून दोन्हीकडून जावं यासाठी. समोरून दर्शन घेऊन परत फिरणाऱ्यांना ती दिसतच नाही.

मेणवली तिथून तीनेक किलोमीटर. नाना फडणवीसांचा वाडा खासगी मालकीचा आहे. काही चौक बघायला मिळतात, काही बंद असतात. देखरेख करणाऱ्या माणसाला विचारूनच आत पाऊल टाका. वाडा बघून लोक परत फिरतात, पण घाटावर उतरल्याशिवाय मेणवली झाली असं मी म्हणणार नाही. घाटावरच्या छोट्या देवळात एक पोर्तुगीज घंटा टांगलेली आहे. तिच्यावर १७०७ हे साल आणि बाळ येशूला घेतलेली मेरी आहे. १७३९ च्या वसईच्या मोहिमेनंतर चर्चमधल्या अशा घंटा मराठी मुलखातल्या देवळांत पोचल्या, ही त्यांतलीच. ती जोरजोरात वाजवायची नाही, एवढं मुलांना आधी सांगा. वर धोम धरण असल्यामुळे पाणी सोडलं की घाटाच्या खालच्या पायऱ्या बुडतात आणि ओसरल्यावर शेवाळानं निसरड्या होतात. कोरड्या पायऱ्यांवरच थांबा.

आता लिंबची बारामोटेची विहीर. इथं घाई करू नका. लिंब फाट्यावरून आत वळल्यावर शेवटचा रस्ता शेतांतून जातो, तिथं मोठी बस अडकते, ट्रॅव्हलर जाते. विहीर सुमारे ११० फूट खोल आणि ५० फूट व्यासाची, अष्टकोनी, वरून बघितली तर शिवपिंडीच्या आकाराची. शिलालेखात शके १६४१ ते १६४६ आहे, म्हणजे इसवी सन १७१९ ते १७२४. बांधणाऱ्या विरूबाई भोसले, काळ थोरल्या शाहू महाराजांचा. आमराईला पाणी द्यायला ही विहीर बांधली. पायऱ्या उतरून गेलं की मधल्या भागात चक्क महाल आहे, खांबांवर हत्तीस्वार, घोडेस्वार कोरलेले.

पण सगळे महालात फोटो काढतात आणि वर येऊन गाडीत बसतात. तसं करू नका. काठावर मोटांच्या, म्हणजे बैलांनी पाणी ओढायच्या चामड्याच्या मोठ्या पिशव्यांच्या, जागा नीट बघा. चाक कुठं बसत असेल, बैल कुठल्या उतारावरून, म्हणजे धावेवरून, जात असतील, मोट वर आल्यावर थारोळ्यात, म्हणजे काठावरच्या कुंडात, कुठं ओतली जाई आणि तिथून पाट कुणीकडे जाई, हे जागेवर उभं राहिलं की आपोआप उलगडतं. मोटेला दोन दोर: जाड नाडा वजन ओढायला, बारीक सोंदूर मोटेची सोंड धरून ठेवायला. सोंदूर सैल पडला की सोंड खाली येते आणि पाणी वाटेतच सांडतं. एकाच काठावर इतक्या जोड्या चालवायच्या तर प्रत्येकीची धाव वेगळ्या दिशेला निघायला हवी. अष्टकोनाचा उपयोग तिथं कळतो. नावात बारा असले तरी मोटांच्या जागा पंधरा आहेत. मुलांना मोजायला लावा. काठाला सगळीकडे कठडा नाही, तेव्हा लहानांचा हात सोडू नका.

दुपारनंतर सातारा. साताऱ्यातल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात लंडनहून कर्जाऊ आलेली वाघनखं १९ जुलै २०२४ पासून काही महिने होती, ती नंतर नागपूरला गेली. म्हणून वाघनखं बघायची म्हणून जाऊ नका. शस्त्रं, पोशाख आणि कागदपत्रं बघायला जा.

वेळ उरला तर प्रतापसिंह हायस्कूल. ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेब आंबेडकरांचं नाव इथल्या रजिस्टरात दाखल झालं, 'भिवा रामजी आंबेडकर', क्रमांक १९१४. राज्यात हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो तो त्यामुळेच. चालू शाळा आहे, भरल्या वर्गांतून सोळा जणांनी हिंडायचं नाही. मुख्याध्यापकांना आधी मंडळाच्या नावानं पत्र पाठवा, किती जण, कुठल्या दिवशी, किती वाजता हे त्यात लिहा. परवानगी नाही मिळाली तर बाहेरून नमस्कार करून पुढं चला.

---

प्रेषक: यादीतल्या एक सदस्य

काका, खूप उपयोगी माहिती. माझ्याबरोबर आई आहे, गुडघ्यांचा त्रास आहे. यातलं तिला काय बघता येईल?

---

प्रेषक: काका, सातारा

नायगाव, मेणवलीचा वाडा आणि सातारचं संग्रहालय जमेल, फक्त वाड्याचे उंबरे उंच आहेत. लिंबला त्यांनी वर काठावरच थांबावं. खरं बघायचं निम्मं वरच आहे. खाली उतरताना धरायला काही नाही आणि पायऱ्यांची उंची सारखी नाही. औंधला संग्रहालय टेकडीवर आहे, पण गाडी तिथपर्यंत जाते. घडीचं स्टूल जवळ असू द्या, दालनांमध्ये बसायची सोय कमी असते.

---

प्रेषक: ताई, सांगली

नमस्कार सर्वांना.

काकांच्या पहिल्या दिवसाला माझी पूर्ण संमती. दुसऱ्या दिवसापासून मात्र मी आराखडा उलटा करीन. तुम्ही औंधहून थेट कराडला जाताय आणि आटपाडीजवळचं माडगुळं शेवटच्या दिवशी सांगलीहून करताय. सांगली ते आटपाडी नव्वदेक किलोमीटर, आणि त्यानंतर पुणे! त्या दिवशी कुणालाच काही धड दिसणार नाही. त्यापेक्षा औंध संस्थानाचा नकाशा समोर ठेवा. संस्थान होतं ७२ गावांचं, पण सलग नव्हतं. औंध, आटपाडी, कुंडल आणि विजापूरकडचं गुणदाळ असे तुकडे विखुरलेले. तुमच्या यादीतली औंध, माडगुळं आणि कुंडल त्यातल्या तीन तुकड्यांत येतात. औंध, आटपाडी, विटा, देवराष्ट्रे, कुंडल, सांगली असं गेलात तर एका ठिकाणी बघितलेलं पुढच्या ठिकाणी उपयोगी पडतं. कराड परतीच्या वाटेवर महामार्गालाच आहे, ते शेवटी घ्या.

साताऱ्याहून औंधला सकाळी उघडायच्या वेळेलाच पोचा. हे संग्रहालय १९३८ चं, औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी उभं केलं. ते स्वतः चित्रकार, त्यामुळे संग्रहात नुसता राजेशाही थाट नाही, चित्रकाराची नजर आहे. राजा रविवर्मा, धुरंधर, बाबूराव पेंटर, युरोपीय चित्रांच्या उत्तम प्रतिकृती, आणि हेन्री मूरचं दगडात कोरलेलं 'मदर अँड चाइल्ड'. हे शिल्प लहान आहे. मोठं काही असेल या अपेक्षेनं लोक शोधत राहतात आणि शेजारून निघून जातात. आत गेल्या गेल्या कर्मचाऱ्यांना विचारून ठेवा.

तैलचित्र समोरून बघितलं तर वार्निशवर उजेड चमकतो आणि गडद भाग काळाच दिसतो. एक पाऊल डावीकडे किंवा उजवीकडे सरका, चमक निघून जाते. रविवर्म्याच्या चित्रात आधी लांबून चेहरा बघा, मग जवळ जाऊन जरीकाम बघा. लांबून सोन्याची वाटणारी किनार जवळून नुसते पिवळ्या-तपकिरी रंगाचे तुटक फटकारे असतात. फोटोला मनाई असते, कॅमेरे गाडीतच राहू द्या. अडीच तास ठेवा. सोळा जण एकदम एका दालनात शिरू नका, दोन गट करा.

जेवणाचं साताऱ्याहूनच बांधून घ्या किंवा गावात आदल्या दिवशी फोन करून सोळा थाळ्या सांगून ठेवा. आयत्या वेळी एवढं जेवण मिळत नाही.

तिथून आटपाडी दोन तास धरा. माडगुळ्याला गदिमांचा 'बामणाचा पत्रा' आहे, शेतातलं पत्र्याचं साधं घर. गदिमा लिहायला इथं येऊन राहायचे. त्यांचा जन्म शेटफळ्याचा, १ ऑक्टोबर १९१९ चा, आणि शाळा औंधची. जागा खासगी आहे, आधी निरोप धाडून, विचारून मगच जायचं.

आटपाडीजवळ स्वतंत्रपूर आहे, कैद्यांना भिंतीविना शेतीवर ठेवायचा औंध संस्थानानं १९३९ मध्ये सुरू केलेला प्रयोग. त्यामागे पोलिश अभियंते मॉरिस फ्रीडमन यांची कल्पना होती. त्याच वर्षी २१ जानेवारीला बाळासाहेबांनी गावांच्या हाती कारभार देणारी राज्यघटना लागू केली, तीही गांधीजी आणि फ्रीडमन यांच्या सल्ल्यानं. 'दो आँखें बारह हाथ' या १९५७ च्या चित्रपटाची कथा गदिमांनी या प्रयोगावरून लिहिली. आजही ती चालू खुली वसाहत आहे, कारागृह विभागाच्या परवानगीशिवाय आत जाता येत नाही. रस्त्यावरून बघा आणि तिथल्या माणसांचे फोटो काढू नका, ही माझी कळकळीची विनंती.

मुक्काम विट्याला करा. तिसऱ्या दिवशी सकाळी देवराष्ट्रे. यशवंतराव चव्हाण यांचं हे आजोळचं घर, जन्म १२ मार्च १९१३. घर लहान आहे, सोळा माणसं एकदम मावत नाहीत. कुलूप असेल तर शेजारी विचारा, चावी कुणाकडे असते ते सगळं गाव सांगतं. अशा ठिकाणी वेळेच्या पाटीपेक्षा चावीवाला महत्त्वाचा. ग्रामपंचायतीत आदल्या दिवशी फोन करून ठेवला की काम होतं. दुपारी एक ते तीन टाळा, माणूस जेवायला गेलेला असतो.

कुंडल तिथून जवळच. शोधताना एक गोंधळ होतो. १९४३ नंतरच्या प्रतिसरकारला, म्हणजे इंग्रजांविरुद्धच्या समांतर सरकारला, 'साताऱ्याचं' म्हणतात, पण कुंडल आज सांगली जिल्ह्यात आहे. १९४९ ला दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. चळवळीला कुंडल का सोयीचं पडलं, याचं एक कारण औंधच्या नकाशातच आहे. चहूबाजूंनी ब्रिटिश मुलूख आणि मध्ये संस्थानी हद्द.

शेजारी किर्लोस्करवाडी. बेळगावातली जागा सोडावी लागल्यावर लक्ष्मणराव किर्लोस्करांना १९१० मध्ये बाळासाहेबांनीच कुंडल रोड स्टेशनालगत निवडुंगानं भरलेला माळ दिला. कारखाना आतून बघायचा तर आधी लेखी परवानगी लागते. नाही मिळाली तर स्टेशन आणि जुनी वसाहत बाहेरून बघा.

समितीनं हरिपूर आणि मिरज एकाच सकाळी ठेवलंय, त्यातलं हरिपूर मी सोडलं असतं. कृष्णा-वारणेचा संगम सुंदर आहे, पण हळदीची पेवं, म्हणजे साठवणीची जमिनीखालची कोठारं, बघायला जाणार असाल तर ती आता फारशी वापरात नाहीत. त्यापेक्षा मिरजेला वेळ द्या. ख्वाजा शमसुद्दीन मीरासाहेबांच्या दर्ग्यात किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब यांची कबर आहे. डोकं झाकायला रुमाल असू द्या. मग सतारमेकरांची दुकानं. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. भोपळे पंढरपूरकडून येतात. कारागीर जवारी काढत असेल, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या घोडीचा माथा कानसत असेल, तर बोलू नका. तो प्रत्येक घासणीनंतर तार छेडून ऐकत असतो, आणि एक घासणी जास्त झाली की स्वर बसका होतो आणि माथा पुन्हा समपातळीवर आणावा लागतो.

कुणाला तानपुरा परदेशी न्यायचा असेल तर फायबरच्या पेटीसह किंमत विचारा, कापडी खोळ विमानात पुरत नाही. तारा अर्ध्या सैल करून पॅक करा. पूर्ण उतरवल्या तर घोडी जागेवरून सरकते, आणि ताणलेल्या ठेवल्या तर धक्क्यात भोपळ्याला तडा जातो.

---

प्रेषक: सहल समिती

काका, ताई, मनापासून आभार. नवा आराखडा: बुधवार नायगाव, वाई, मेणवली, लिंब, मुक्काम सातारा. गुरुवार औंध आणि माडगुळं, मुक्काम विटा. शुक्रवार देवराष्ट्रे, कुंडल, मुक्काम सांगली. शनिवार सकाळी मिरज, दुपारी कराड, रात्री पुणे. हरिपूर वगळलं. कराडात काय चुकवू नये?

---

प्रेषक: काका, सातारा

यशवंतरावांचा 'विरंगुळा' बंगला, आणि वेणूताई चव्हाण स्मारकातली त्यांची ग्रंथसंपदा. त्यांची पुस्तकं बघितल्यावर देवराष्ट्र्याचं छोटं घर वेगळंच समजतं, म्हणून ताईंनी कराड शेवटी ठेवलं ते बरं झालं. कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर शनिवारी संध्याकाळी गर्दी असते, पाचच्या आत आटपा. पंताच्या कोटातली नकट्या रावळाची विहीर गाडी लावून चालत बघावी लागते, गल्ल्या अरुंद आहेत.

आणि दहा-वीसच्या नोटा भरपूर आणा. तुमची परदेशी कार्डं या एकाही ठिकाणी चालणार नाहीत, आणि यूपीआय नसेल तर पाचशेची नोट मोडायला तिथं कुणी नसतं.