उभ्या उसात मोजणी होत नाही

बांधावरचा
काल 'विधीवाचक' यांनी इथं मोठ्या कौतुकानं एक यादी टाकली. जगभरात कायद्याचं राज्य बळकट करणाऱ्या संस्था: वॉशिंग्टनचा वर्ल्ड जस्टिस प्रोजेक्ट, जिनिव्हाचा आंतरराष्ट्रीय विधिज्ञ आयोग, युरोपचा व्हेनिस आयोग, नमती, आणखी चार-पाच. शेवटचं वाक्य होतं, "कोर्टाला नावं ठेवत बसण्यापेक्षा कोल्हापूरकरांनी यांच्याकडून काही शिकावं." सकाळी चहा घेताना वाचलं आणि चहा तसाच राहिला. लांब लिहितोय, ज्याला वेळ नाही त्यानं खाली उतरावं.

आमचा वाटणीचा दावा आहे. तालुका सांगत नाही, चुलतेही इथं वाचत असतात. १९९४ ला वडिलांनी आणि आत्यानं मिळून दावा घातला. नदीकाठची काळी चार एकर. २००९ ला प्राथमिक हुकूमनामा, म्हणजे कुणाचा हिस्सा किती हे ठरवणारा निकाल, आमच्या बाजूनं झाला. पेढे वाटले. चुलते अपिलात गेले, २०१६ ला अपील फेटाळलं. पुन्हा पेढे, या खेपेला अर्धा किलो. आता सारा भरणाऱ्या जमिनीची वाटणी कोर्ट स्वतः करून देत नाही. दिवाणी संहितेच्या कलम ५४ खाली ती महसूलवाल्यांनी करायची असते. म्हणजे फाईल कोर्टाच्या पायऱ्या उतरली आणि दुसऱ्या पायऱ्या चढायला लागली. मोजणीवाले दोनदा आले. दोन्ही वेळा शेतात चुलत्यांचा ऊस उभा. उभ्या उसात मोजणी होत नाही. "ऊस गेल्यावर कळवा." कळवलं. तारीख पडेपर्यंत तोडलेला ऊस पुन्हा फुटून खोडवा कमरेला लागला होता. वडील २०१८ ला गेले. आत्या ८१ वर्षांची आहे.

आता तुमच्या वर्ल्ड जस्टिस प्रोजेक्टचा कायद्याच्या राज्याचा निर्देशांक. २०२३ ला १४२ देशांत भारत ७९ वा, डेन्मार्क पहिला. बरं, मग? आत्याला वाचून दाखवू? आणि या मोजमापवाल्यांची मोजमापं आम्ही बघितलीत. जागतिक बँकेचा व्यवसायसुलभतेचा अहवाल आठवतोय का? गुण भारताला, पाहणी मुंबई आणि दिल्लीत. आकड्यांत गडबड निघाली म्हणून २०२१ ला बँकेलाच तो गुंडाळावा लागला.

माझ्या लेखी निकालाचा कागद शेतात उतरला तर कायद्याचं राज्य. तो उतरवणारी एक संस्था दाखवा, तुमच्या यादीच्या पाया पडतो.

विधीवाचक
चहाबद्दल दिलगीर आहे. 'काही शिकावं' हे वाक्य आगाऊपणाचं होतं, मागे घेते. यादी मागे घेणार नाही.

जागतिक बँकेचं पाप वर्ल्ड जस्टिस प्रोजेक्टच्या माथी कशाला? तो २००६ ला अमेरिकन बार असोसिएशनमधून निघाला आणि २००९ पासून स्वतंत्र आहे. तो घरोघरी माणसांना विचारतो, नुसत्या वकिलांना नाही. पूर्वी बऱ्याच देशांत फक्त तीन मोठ्या शहरांत विचारायचे, हा आक्षेप खरा आहे. तुम्ही घेतला नाहीत म्हणून मीच घेते.

आणि कागद उतरवणारी संस्था. पश्चिम आफ्रिकेतला सिएरा लिओन. २००२ ला यादवी संपली तेव्हा त्या देशात वकील जेमतेम शंभरेक, त्यातले बहुतेक राजधानीत. २००३ ला तिथं टिमाप नावाची संस्था निघाली. गावातल्याच माणसांना कायद्याची तोंडओळख करून देऊन पॅरालीगल केलं. ही माणसं दावे लढत नाहीत. अर्ज लिहितात, तडजोड घडवतात, साहेब भेटेपर्यंत दारात बसून राहतात. २०१२ च्या तिथल्या कायद्यानं त्यांना मान्यता दिली. ते काम उभं करणाऱ्यांपैकी विवेक मारू यांनी २०११ ला नमती काढली. बांधावरचे दादा, दावा तुम्ही जिंकलेलाच आहे. तुम्हाला वकील नको, दारात बसणारा माणूस हवाय. नमतीनं आपल्याकडंही दिल्लीच्या सीपीआरबरोबर गुजरात-कर्नाटकाच्या किनाऱ्यावर असंच काम केलंय.

रंकाळ्याचा वारा
सीपीआर दिल्लीला कधी हलवलं? मी परवाच तिथं बोटाला टाके घालून आलोय की.

विधीवाचक
सेंटर फॉर पॉलिसी रिसर्च म्हणतेय, धोरणांचा अभ्यास करणारी संस्था. आपला सीपीआर दवाखाना जागेवरच आहे.

बांधावरचा
त्याच सेंटरचा परदेशी देणग्यांचा परवाना जानेवारी २०२४ मध्ये रद्द झाला ना? म्हणजे दारात बसणाऱ्यालाच दाराबाहेर काढला. आणि दारात बसायचंच असेल तर मी गेली सात वर्षं दुसरं काय करायलोय? मला कुठली संस्था पगार देत नाही एवढाच काय तो फरक.

निवृत्त शिरस्तेदार
चौतीस वर्षं कोर्टात काढली, म्हणून दोन शब्द. जिनिव्हाचा जो आयोग आहे तो १९५२ साली बर्लिनमध्ये निघाला. शीतयुद्धाचा ऐन भर, रोख पूर्व जर्मनीवर. त्याला अमेरिकेच्या सीआयएचा पैसा येत होता हे १९६७ मध्ये बाहेर आलं. तेव्हा ताई, यादीतल्या प्रत्येक नावाला हार घालायच्या आधी मागची बाजूही बघावी.

दुसरं. दात असलेली संस्था काढली तर तिचं काय होतं? मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमालात संयुक्त राष्ट्रांच्या पाठबळावर एक आयोग २००७ पासून भ्रष्टाचाराचा तपास करायला बसला. त्याच्या तपासामुळं २०१५ ला राष्ट्राध्यक्षाला राजीनामा देऊन तुरुंगात जावं लागलं. पुढचा राष्ट्राध्यक्ष आला, त्याचीही चौकशी लागली, त्यानं २०१९ ला आयोगच घालवला. राहिल्या कोण? अहवाल छापणाऱ्या.

आणि तिसरं, जे कुणी बोलत नाही. कायद्याचं राज्य मजबूत करायला जिनिव्हा कशाला, आपले वकील रोज कामावर आले तरी पुष्कळ झालं. माझ्या नोकरीतले किती दिवस बोर्डावर 'वकील गैरहजर, बहिष्कार' एवढंच लिहिण्यात गेले त्याचा हिशेब मांडला तर वही पुरणार नाही.

विधीवाचक
सीआयएचं खरं आहे, नाकारत नाही. पण त्याच आयोगानं जानेवारी १९५९ मध्ये दिल्लीत परिषद भरवली. ५३ देशांतले १८५ न्यायाधीश, वकील, प्राध्यापक आले. माणसाला सन्मानानं जगता येईल अशी सामाजिक आणि आर्थिक परिस्थिती उभी करणं हेही कायद्याच्या राज्यातच येतं, असं तिथल्या जाहीरनाम्यात लिहिलंय. पैसा कुणाचा होता यावरून ते वाक्य खोटं ठरतं का?

काळा कोट
शिरस्तेदारसाहेब, विषय कुठला आणि तुम्ही वकिलांवर घसरलात. ठीक आहे, आता ऐकून घ्या.

उच्च न्यायालयाचं खंडपीठ कोल्हापूरला व्हावं म्हणून चाळीस वर्षांहून जास्त लढा झाला. १८ ऑगस्ट २०२५ ला सर्किट बेंच, म्हणजे फिरतं खंडपीठ, सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सहा जिल्हे. ते डेन्मार्कनं दिलं नाही आणि विनंती अर्जांनीही आलं नाही. मोर्चे, उपोषणं, आणि हो, बहिष्कार.

माझी एक पक्षकार होती, गगनबावड्याकडची. मुलगा आत. जामिनासाठी रात्री महालक्ष्मी एक्सप्रेसच्या जनरल डब्यातून मुंबईला यायची. दिवसभर कोर्टाबाहेर बसायची आणि संध्याकाळी मी बाहेर येऊन सांगायचो, "मावशी, मॅटर रीच झालं नाही." चार वेळा. चौथ्या वेळी तिनं विचारलं, "रीच म्हणजे काय ओ?" माझ्याकडं उत्तर नव्हतं. बहिष्काराचा हिशेब मांडणाऱ्यांनी त्या चार फेऱ्यांचा हिशेब कुठल्या वहीत लिहिला होता?

निवृत्त शिरस्तेदार
मावशीचं वाईट वाटतं. पण तुम्ही मुंबईची फेरी वाचवण्यासाठी इथल्या पक्षकारांच्या फेऱ्या वाढवल्यात. वकिलांना संपाचा हक्क नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २००२ मध्ये हरीश उप्पल प्रकरणात स्वच्छ सांगितलंय. फारच अपवादात्मक प्रसंग असेल तर एक दिवस. एक!

काळा कोट
निकाल मलाही पाठ आहे साहेब. तुम्ही तो वाचून दाखवायला निवृत्त झाल्यावर आलात, तेव्हा तर 'बहिष्कार' लिहून दुपारी तीनला घरी जात होता.

निवृत्त शिरस्तेदार
माझ्या नोकरीवर यायचं कारण नाही! सहा वाजल्याशिवाय मी टेबल सोडलं नाही, विचारा कुणालाही.

सिद्धेश्वरकर
सोलापूरचा एक प्रश्न. सहा जिल्ह्यांत आम्हाला धरलंत, आम्हाला कुणी विचारलं होतं? सोलापूरवरनं पुण्याला गाड्या दिवसभर आहेत. कोल्हापूरला यायचं म्हणजे सांगोला, मिरज करत अर्धा दिवस. पुण्याचीही मागणी होती की. तुमचा न्याय तुमच्या दारात आला, आमचा एका परगावातनं दुसऱ्या परगावात गेला.

काळा कोट
सोलापूरवरनं मुंबई जवळ होती काय?

सिद्धेश्वरकर
लांब होती, पण रात्री झोपून जाता येत होतं.

रंकाळ्याचा वारा
शाहू महाराजांचं नाव अजून कुणी घेतलं नाही, मला वाटलं चुकून दुसऱ्याच गावाच्या चर्चेत आलो.

पाच नंबर लूम
बेंच झालं, चांगलं झालं. पण कोर्ट आणि दवाखाना समोरासमोर, मधे तो रस्ता. वडिलांना तपासायला घेऊन आलो तर गाडी लावायला पाऊण तास फिरलो. आजूबाजूच्या गाळ्यांची भाडी विचारू नका. पुतण्याला झेरॉक्सचं दुकान टाकायचं होतं, भाडं ऐकून परत इचलकरंजीला आला.

विधीवाचक
पार्किंगवर वेगळी चर्चा काढा की. मी विचारलेल्या एकाही प्रश्नाचं उत्तर आलेलं नाही.

बांधावरचा
बघा म्हणजे. माझी फाईल इथंही बाजूला पडली. काळा कोट, तुमचा लढा मोठा, मान्य. पण सर्किट बेंचनं मला काय दिलं? चुलत्यांना मुंबईला जायला लागत होतं ते आता मोटरसायकलवरनं येऊन स्थगिती मागतील.

काळा कोट
हे मात्र खरं आहे. अपील जवळ आलं ते दोघांनाही. अंमलबजावणीचं दुखणं बेंचनं जाणार नाही, ते तालुक्यातच आहे. तुमच्या सिएरा लिओनवाल्या ताई त्या मुद्द्यावर बरोबर आहेत, नाइलाजानं म्हणतो.

मंगळवारपेठी
मी मघापासून नुसती वाचतीय. बांधावरचे भाऊ, आत्याच्या हिश्श्यासाठी तीस वर्षं भांडताय, खरंच कौतुक आहे. एकच विचारते. वडील २०१८ ला गेले म्हणता. वारसनोंदीला बहिणींची नावं लावलीत, का हक्कसोड घेतलं?

बांधावरचा
विषय भरकटवू नका.

रंकाळ्याचा वारा
आत्ता भरकटला होय! सोलापूरची गाडी आणि झेरॉक्सचं दुकान विषयाला धरूनच होतं तर.

मंगळवारपेठी
मला उत्तर मिळालं. आमच्यात पण असंच झालं. भाऊ म्हणाला सही कर, माहेर तुटायला नको. मी केली. रजिस्टर कचेरीत साहेबानं विचारलं, कुणाचा दबाव नाही ना? भाऊ शेजारीच उभा. म्हटलं, नाही. सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२० मध्ये सांगितलं की वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलीचा हक्क जन्मापासूनचा, मुलाइतकाच. निकालाचं माझ्या कानावर आलं त्या दिवशी मी भाऊबिजेला काय न्यायचं याची यादी करत होते.

काळा कोट
ताई, कायद्याच्या बाजूनं एवढंच सांगतो की नोंदणीकृत हक्कसोड पूर्ण कायदेशीर असतं.

मंगळवारपेठी
कायदेशीर असतं म्हणूनच सांगतीय.

बांधावरचा
बहिणींनी राजीखुशीनं दिलंय. दोघींना साडी-चोळी केली, भाच्याच्या शिक्षणाला पैसे दिलेत. आणि जमीन अजून ताब्यातच नाही तर हक्क सोडला काय आणि ठेवला काय? चुलत्यांनी आत्याचा हिस्सा दाबला आणि मी बहिणींना समजावून घेतलं, या दोन गोष्टी एका तागडीत घालू नका.

विधीवाचक
त्या तागडीत मी पडत नाही. कामाचं सांगते. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रीला मोफत कायदेशीर मदत मिळते, उत्पन्न कितीही असो. आपल्याकडंही प्राधिकरणाचे विधी स्वयंसेवक असतात, तुमच्या दारात बसणाऱ्या माणसांपैकीच. मी दोन वर्षं ते काम केलंय. म्हणून ती यादी टाकली होती, उगाच नाही. तालुक्याच्या कोर्टातच समितीचं कार्यालय असतं. हुकूमनाम्याची नक्कल, सातबारा, आधार घेऊन जा. अर्ज आत्यांच्या नावानं करायचा. सही त्यांची लागेल, तुमची नाही.

बांधावरचा
तीस वर्षांत एकाही वकिलानं हे सांगितलं नाही.

काळा कोट
वकिलानं फुकटचं कसं सांगावं? असो, गंमत केली. तुम्ही विचारलंही नसेल.

सिद्धेश्वरकर
मिरजेवरून गाडीचं मी काय म्हणालो त्याचं उत्तर राहिलंच.

बांधावरचा
आत्याला आज संध्याकाळी वाचून दाखवतो. तिला कमी ऐकू येतं, मोठ्यानं वाचावं लागतंय. सोमवारी त्या शेतात तोडीला टोळी यायची आहे म्हणतात. खोडवा ठेवायचा की नांगर घालायचा ते चुलत्यांच्या हातात आहे. बहिणींचं नंतर बघू.

मंगळवारपेठी
वाचून दाखवाल तेव्हा माझं पण वाचा.