आग्फा आयसोलेट २ : फोकसची रिंग जाम, पक्कड लावू का?

वाडीतला_उजेड
कॅमेरा आयसोलेट २ (आग्फाचा जुना, भात्याचा घडीचा फिल्म कॅमेरा), लेन्स ८५ मिमी एफ/४.५ अपोटार, शटर प्रोंटॉर-एसव्ही. फोकसची रिंग दगडासारखी घट्ट आहे, जोर लावला की किंचित हलते. १ सेकंदावर शटर उघडून तसंच राहतं, १/१०० ठीक वाटतो. पुढच्या भिंगाच्या आत कडेला बुरशीची जाळी दिसते. पक्कड लावावी की डब्ल्यूडी-४० मारावं? १२०चा (रुंद फिल्मचा) ४०० आयएसओ, म्हणजे जास्त प्रकाशसंवेदी, रोल आणून ठेवलाय.

भिंगजोड
पक्कड नको आणि डब्ल्यूडी-४० तर अजिबात नको. ते पसरत पसरत शटरच्या पात्यांपर्यंत जातं आणि पाती एकमेकांना चिकटतात. मग दोन दुखणी.

आग्फाच्या त्या काळातल्या कॅमेऱ्यांचा हा ठरलेला आजार आहे. फोकसच्या आट्यांतलं ग्रीस सुकून हिरवट, लाखेसारखं कडक होतं. या लेन्समध्ये फक्त पुढचं भिंग पुढेमागे सरकतं आणि त्याचं मधल्या भिंगापासूनचं अंतर बदलून फोकस होतो. ग्रीस गोठलं की ही दोन्ही भिंगं एक गठ्ठा होतात. तुम्ही जोर लावल्यावर जे 'किंचित हललं' ते बहुधा हेच : अख्खा गठ्ठा शटरमधून उलगडतोय, दोन भिंगांतलं अंतर तसंच आहे. रिंग 'सुटली' म्हणून विकायला येणारे बरेच आयसोलेट असेच फसवे असतात.

रिंगच्या कडेला तीन बारीक स्क्रू आहेत. घड्याळजीच्या पेचकसाने ते सैल करा (पूर्ण काढू नका, हरवतात) आणि रिंग उचला. मग पुढचं आणि मधलं भिंग एकत्रच उलगडून काढा. झाकणाच्या काचेच्या बाटलीत लायटर फ्लुइड घेऊन गठ्ठा रात्रभर बुडवून ठेवा. खिडकी उघडी, गॅस बंद. ही दोन्ही सुटी भिंगं आहेत, चिकटवलेली नाहीत, म्हणून बुडवायला हरकत नाही. अ‍ॅसिटोन मात्र टाळा, काचेच्या कडेचा काळा रंग जातो. सकाळी हेअर ड्रायरने गरम करून रबराच्या तुकड्यात धरून फिरवा. नाहीच हललं तर पुन्हा बुडवा. तीन-चार फेऱ्या लागल्या तरी घाई नको.

सुटताना ज्या जागी आटे एकमेकांना सोडतात, तिथे दोन्ही भागांवर सुईने खूण करा. ही खूण करायची राहून गेली तर परत बसवताना आटा चुकीच्या जागी धरला जातो आणि फोकस कधीच जुळत नाही. ब्रशने सगळा हिरवा थर काढा, नवं ग्रीस टाचणीच्या टोकाएवढंच.

मग अनंत जुळवायचं, म्हणजे रिंग अनंताच्या खुणेवर असताना खूप दूरची वस्तू स्पष्ट यायला हवी. मागचं दार उघडून, फिल्म ज्या पट्ट्यांवरून सरकते त्यांवर दुधी काच ठेवा, खडबडीत बाजू लेन्सकडे. शटर 'बी'वर (दाबून धरलं तोवर उघडं राहतं), केबल रिलीजने (दाबायच्या तारेने) उघडं, छिद्र सर्वात मोठं, एफ/४.५. रात्री नरिमन पॉइंटला उभे राहा आणि पलीकडचे मलबार हिलचे दिवे पकडा. दुधी काचेवर १० पट मोठं दाखवणाऱ्या भिंगातून बघत कॅमेऱ्याचं पुढचं भिंग फिरवा, दिवा सर्वात बारीक ठिपका दिसेल तिथे ते थांबवा, रिंग अनंतावर ठेवून स्क्रू आवळा.

काळा_भाता
भाता (लेन्स आणि फिल्म यांच्यामधला घड्यांचा काळा पडदा) नुसता बघून ठीक समजू नका. अंधाऱ्या खोलीत मोबाईलचा टॉर्च मागून आत घाला आणि घड्यांचे कोपरे बघा, छिद्रं तिथेच पडतात. दोन-चार असतील तर लवचिक काळा रंग आतून लावून भागेल. कोपऱ्याकोपऱ्यांत चांदण्या दिसल्या तर भाता बदलाच.

४००चा रोल परत ठेवा. मुंबईच्या उन्हात त्याला एफ/१६च्या लहान छिद्रावर १/४०० सेकंद हवा आणि तुमचं शटर १/३००ला संपतं, तेही जुनं झाल्यावर १/२००च्या आसपासच चालतं. १०० किंवा १२५चा घ्या : १/१००, एफ/१६, काम झालं. मागची लाल खिडकी ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मच्या काळातली सोय आहे. त्या फिल्मला लाल प्रकाश दिसतच नसे. आजच्या पॅनक्रोमॅटिक फिल्मला दिसतो, म्हणून खिडकी अंगाच्या सावलीत, फोटोचा क्रमांक बघण्यापुरतीच उघडा.

आणि 'व्ही' या खुणेला हात लावू नका. तो सेल्फ-टायमर आहे, या वयात मध्येच अडकला की शटरच बंद पडतं.

वाडीतला_उजेड
तीन स्क्रू सापडले. १ सेकंदाचं काय? आणि बुरशी?

भिंगजोड
१ सेकंद अडकतो कारण संथ वेगाची दातेरी चाकं सुकलेल्या तेलात रुतलीत. भिंगं बाहेर असतानाच, शटरचं पुढचं झाकण काढून, त्या चाकांवर लायटर फ्लुइडचे एक-दोन थेंब आणि वीस-तीस वेळा चालवा. वर तेल घालू नका. मोबाईलच्या २४० फ्रेमच्या स्लो मोशनमध्ये मोजा : १/१०ला २४ फ्रेम, १/२५ला नऊ-दहा यायला हव्यात. तोवर १/५० आणि १/१००वर निभतं.

बुरशीसाठी ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, मऊ कापूस, मधून कडेकडे, दाब न देता. जुनं कोटिंग नाजूक असतं. पुसल्यावरही नक्षी उरली तर बुरशीच्या आम्लाने कोटिंग खाल्लं आहे, घासत बसू नका, फोटोत फारसं जाणवत नाही.

चामड्याच्या केसमध्ये परत ठेवू नका. जूनपासून ते चामडं ओल धरून ठेवतं. हवाबंद डबा, छोटा आर्द्रतामापक आणि निळी सिलिका जेल. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मधे ठेवा. दाणे गुलाबी झाले की ओव्हनमध्ये ११०–१२० अंशांवर दोन तास.